कागदावरची तीन अक्षरे

अक्षय्य तृतीया आठ-दहा दिवसांवर आली की बालाघाटाच्या माथ्यावरील त्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टींची लगबग एकाच वेळी सुरू होते. स्थानकात वर्षीतपाच्या पारण्याची तयारी चालते, आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरमधून घरी परतू लागतात. भगवान ऋषभदेवांचे पारणे इक्षुरसाने झाले म्हणून तपस्वींच्या हाती उसाच्या रसाची वाटी दिली जाते. त्याच सुमारास तो ऊस सहा महिने तोडून आलेली माणसे बाजारपेठेत मागील उधारी फेडायला येतात. किराणा दुकानदाराच्या घरात या दोन्ही गोष्टी लहानपणापासून पाहिलेल्या असतात, परंतु त्यांचा एकमेकींशी संबंध लावण्याचे कारण सहसा पडत नाही.

त्या गावातील एका तीन पिढ्यांच्या किराणा दुकानात दुपारी गल्ल्यावर ज्या बसतात, त्यांना सगळी बाजारपेठ ‘भाभी’ म्हणते. वय एकोणपन्नास. माहेर अहमदनगरकडचे, लग्न होऊन या गावी आल्याला सत्तावीस वर्षे झाली. हिशेबाला पक्क्या. कोणत्या तांड्यावरच्या कोणत्या घराकडे किती बाकी आहे, हे वही न उघडता सांगणाऱ्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी एक ऊसतोड बाई उधारी फेडायला आली. पैसे मोजून झाल्यावर ती उठेना. पदराआडून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दवाखान्याचे जुने कागद होते, घडीवर फाटलेले.

“भाभी, तुमाला इंग्रजी येतंय. एवढं बघता का? पिशवी काढून सहा वरीस झाली, पर आंग काही धरत न्हाई. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी येती. अंगातली कळच गेली बघा.”

मराठवाड्यात गर्भाशयाला ‘पिशवी’च म्हणतात. बाईचे वय तेहेतीस होते; पिशवी काढली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. भाभींनी कागद उलगडले. निदान, भूल, टाके, खर्च हे सारे चाळून त्यांची नजर डिस्चार्ज कार्डाच्या तिसऱ्या ओळीवर थांबली. तिथे शस्त्रक्रियेच्या नावापुढे तीन इंग्रजी अक्षरे होती : बी. एस. ओ.

ती अक्षरे भाभींना ओळखीची होती. दोनच महिन्यांपूर्वी, पुण्यातील एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, स्वतःच्या बारा वर्षे जुन्या कार्डावर त्यांनी ती प्रथम वाचली होती.

भाभींची शस्त्रक्रिया २०१२ मधली. तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. दर महिन्याला अंगावरून फार जाई. आठ-आठ दिवस चाले. एकत्र कुटुंब, घरात अकरा माणसे. चार दिवस स्वयंपाकघरात जायचे नाही, स्थानकात जायचे नाही, दुकानाच्या गादीला शिवायचे नाही, ही त्या घरची रीत. चारांचे आठ होऊ लागले तेव्हा सारा भार सासूबाईंवर आणि नव्याने आलेल्या धाकट्या जावेवर पडू लागला. कोणी बोलून दाखवले नाही. पण न बोललेलेही ऐकू येते. एका खाजगी रुग्णालयात दाखवल्यावर पंधरा मिनिटांत निर्णय झाला : दोन मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, पुढे कॅन्सरचे निमित्त नको. गोळ्या देऊन पाहू, आधी रक्तक्षय भरून काढू, असे काही निघालेच नाही. घरी सर्वांना सुटल्यासारखे वाटले आणि, हे भाभी आज मोकळेपणाने कबूल करतात, त्यांनाही वाटले. कटकट गेली.

दीड महिन्यात अंगातून वाफा निघू लागल्या. रात्री थंडीतही पाठ घामाने भिजे. त्या वाफा तीन-चार वर्षांनी विरल्या, पण थकवा आला तो गेला नाही. गुडघे, कंबर, मनगट दुखू लागले. कामात रस वाटेना. आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पती-पत्नीतील सहज ओढ विझल्यासारखी झाली होती आणि त्या जवळिकीत वेदना होऊ लागली होती. पतीही सज्जन, त्यांनी कधी विचारले नाही. एकाच छपराखाली दोघे हळूहळू भागीदारांसारखे राहू लागले. दुकान उत्तम चालत होते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने गेल्या थंडीत आईसाठी संपूर्ण तपासणीचे पॅकेज घेतले. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सतरा पानांचा अहवाल आला. त्यात एका ओळीपुढे खाली जाणारा लाल बाण होता : टेस्टोस्टेरॉन, ९. मुलगा संकोचला. हा तर पुरुषांचा हार्मोन. आईच्या अहवालात तो का मोजला? पण त्याने शोध घेतला आणि थकवा, उदासपणा, हाडे, स्नायू, झोप, सारी लक्षणे आईशी जुळत होती. त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारे’ चूर्ण आणि अंगाला लावायचे एक जेल सुचवले. त्या डब्यावर आयाळ उडवणाऱ्या घोड्याचे चित्र होते. असल्या डब्यांवर घोडा का असतो, हे एक कोडेच आहे. सुदैवाने भाभींच्या व्यापारी डोळ्याला तो माल पटला नाही आणि गाडी डॉक्टरीणबाईंकडे वळली.

डॉक्टरीणबाईंनी लाल बाणाकडे पाहिलेच नाही. पहिला प्रश्न केला, “पिशवी काढली तेव्हा अंडाशये ठेवली होती की तीही काढली?”

भाभींना ठाऊक नव्हते. पतींनाही नव्हते. संमतीपत्रावर सही त्यांचीच होती.

मग जुने कार्ड पाहिले गेले आणि तीन अक्षरांचा अर्थ लागला. गर्भाशयासोबत दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशये काढून टाकणे, असा त्याचा अर्थ. गर्भाशय हे मूल वाढवण्याचे घर आहे. तो अवयव संप्रेरकांचा कारखाना नव्हे. कारखाना आहे तो बदामाएवढ्या दोन अंडाशयांचा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तिथे तयार होतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. टेस्टोस्टेरॉनही तिथेच तयार होते, एवढेच नव्हे तर शरीर इस्ट्रोजेन बनवते तेच अशा पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या संप्रेरकांपासून, हे क्वचितच कोणी सांगते. १९३५ मध्ये या द्रव्याला नाव मिळाले ते पुरुषाच्या वृषणावरून; त्या नावामुळे त्याच्यावर पुरुषाचा शिक्का बसला तो आजतागायत पुसलेला नाही.

प्रौढ पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तात हे द्रव्य साधारण ३०० ते १००० नॅनोग्राम असते, स्त्रीच्या रक्तात साधारण १५ ते ७०. नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. स्त्रीच्या शरीरात त्याचा काही वाटा अंडाशये तयार करतात, काही मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, आणि उरलेले त्या दोघांनी पुरवलेल्या कच्च्या मालापासून चरबीत व त्वचेत घडते. विशीपासून ते सावकाश उतरत जाते. चाळिशीपर्यंत जवळपास निम्म्यावर येते. हा वयाचा उतार आहे, आजार नव्हे. विशेष म्हणजे पाळी नैसर्गिकरीत्या थांबते तेव्हा इस्ट्रोजेन जसे कोसळते, तसे टेस्टोस्टेरॉन कोसळत नाही. पाळी गेल्यानंतरही अंडाशये ते थोडेफार करीत राहतात. दोन्ही अंडाशये काढली म्हणजे मात्र ते एका दिवसात सुमारे निम्मे होते. इस्ट्रोजेन तर जवळजवळ संपतेच. चौदा-पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद होणारी पेढी रातोरात कुलूप लागून बंद व्हावी, तसे ते घडते.

तेव्हा लाल बाण खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ मुलाने लावला तो नव्हता, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे पडले. पहिली गोष्ट, नेहमीच्या प्रयोगशाळांतील ही तपासणी पुरुषांच्या पातळीसाठी बेतलेली असते. स्त्रीच्या रक्तातील अल्प प्रमाण ती नीट मोजू शकत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची अधिक अचूक पद्धत लागते. सोन्याचा भाव धान्याच्या काट्यावर मोजून काढावा, तसा हा प्रकार. दुसरी गोष्ट, अमुक आकड्याखाली गेले की स्त्रीला टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेचा आजार झाला, असा कोणताच आकडा वैद्यकशास्त्राला आजवर ठरवता आलेला नाही. २०१९ मध्ये जगातील अनेक वैद्यकीय संस्थांनी एकत्र येऊन या विषयावर एक संयुक्त निवेदन काढले. त्यात स्पष्ट म्हटले की रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा कमी झाल्याचा जिला स्वतःला त्रास होतो, त्या स्त्रीला योग्य मात्रेतील टेस्टोस्टेरॉनचा उपयोग होतो. याखेरीज थकवा, उदासी, स्मरणशक्ती, हाडे यांसाठी ते द्यावे असा पुरेसा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये स्त्रियांसाठीचे असे एक मलम त्याच एका कारणासाठी मान्य झाले. युरोपात २००६ मध्ये, अंडाशये काढलेल्या स्त्रियांसाठी म्हणून एक पट्टी मान्य झाली होती. २०१२ मध्ये ती बाजारातून गेली. पुरुषांसाठीचे जेल अंदाजाने लावत राहिल्यास ओठांवर केस, मुरुमे, आणि प्रसंगी आवाज जाड होतो. जाड झालेला आवाज पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. घोड्याच्या चित्राच्या डब्यात नेमके काय असते, हे मात्र डॉक्टरीणबाईंनाही सांगता आले नाही.

मग थकवा कशाचा? सतरा पानांच्या त्याच अहवालात बाणांच्या गर्दीत दडलेल्या आणखी तीन ओळी होत्या. हिमोग्लोबिन ९.६. ब-१२ जीवनसत्त्व १२०, म्हणजे किमान मर्यादेच्या बरेच खाली. ड जीवनसत्त्वही कमी. ब-१२ वनस्पतींत जवळपास नसतेच. ते दूध-दह्यातून मिळेल तेवढेच. आणि घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले दही कोणाच्या वाट्याला किती येते, हे प्रत्येक घराला माहीत असते. आयंबिल आणि उपवास भाभी वर्षानुवर्षे करीत आल्या. ते त्यांना सोडायचे नव्हते आणि डॉक्टरीणबाईंनीही सोडा म्हटले नाही. ब-१२ च्या गोळ्या आणि लोह सुरू झाले. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्यांतील कितीजणींना आपल्या थकव्याचे नाव ठाऊक असेल?

हाडांची घनता मोजली, तेव्हा भाभींचा कणा आणि खुबा वयापेक्षा पुष्कळ विरळ निघाला. इथे डॉक्टरीणबाई काही क्षण बोलल्या नाहीत. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढली, तर विशेष अडचण नसल्यास लगेच इस्ट्रोजेन सुरू करून ते पाळी नैसर्गिकरीत्या गेली असती त्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत द्यावे लागते; हाडे आणि हृदय यांच्यासाठी ते आवश्यक असते. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला तर सोबत प्रोजेस्टेरॉनचीही गरज पडत नाही, इतके ते सोपे. भाभींना बारा वर्षांपूर्वी ते कोणी सांगितले नाही, दिलेही नाही. आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हृदयाच्या दृष्टीने गणित बदलते. गोळी सरसकट सुरू करता येत नाही. वेदनेसाठी स्थानिक मलम, हाडांसाठी औषध व चालणे, आणि बाकीचे हृदयाची तपासणी झाल्यावर ठरवायचे, असे ठरले. गेलेली बारा वर्षे मात्र कोणत्याही खात्यात जमा होणार नव्हती.

निघण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी पतींना बाहेर थांबायला सांगितले आणि भाभींना ती गोष्ट विचारली. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कोणी प्रथमच विचारला होता. भाभी आधी हसल्या आणि मग त्यांना रडू आले. टेस्टोस्टेरॉनच्या मलमाचा एक खरा उपयोग नेमका याच तक्रारीसाठी आहे. घ्यायचे असल्यास अगदी अल्प मात्रेत, रक्त तपासत, आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर बंद, असे त्यांना समजावण्यात आले. भाभींनी विचार केला. “आधी वेदना थांबू दे, रक्त भरू दे. मग बघू,” असे त्यांनी सांगितले. परतीच्या वाटेवर गाडीत पतींनी काय विचारले आणि त्यांनी काय सांगितले, ते त्या दोघांतच राहिले. ड्रायव्हरला मध्येच चहासाठी उतरवले होते, एवढेच कळते.

ही हकीकत मनात ताजी असतानाच तेहेतीस वर्षांच्या बाईची पिशवी गल्ल्यावर उघडली गेली.

तिची कहाणी बीड जिल्ह्यात नवी नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांनी ती देशापुढे आणली. जोडप्याने मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; मुकादमाकडून उचल घेतलेली असते; एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ लागतो आणि दंड कापला जातो. पाचशे रुपयांचा आकडा तेव्हा छापून आला होता. पाचटाच्या कोपीत राहणे, पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, पहाटे तीनला उठून फडात जायचे. पाळीचे दिवस अशा ठिकाणी शिक्षेसारखे असतात. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी दाखवून कॅन्सरची भीती घातली जाते. ज्या तक्रारी औषधाने बऱ्या व्हाव्यात, त्यांसाठी पिशवी निघते. पैसा उचलीतूनच येतो आणि मग तो फेडायला पुन्हा फडात जायचे.

त्याच वर्षी विधिमंडळात सरकारने सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. पुढे शासनाने नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यात सर्वेक्षण झाले. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची विचारपूस केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. तेव्हापासून जिल्ह्यात खाजगी रुग्णालयाला ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका डॉक्टरांच्या याचिकेवर निर्णय देताना, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकारावीत असे बजावले. त्यांत जिल्हापातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. हे सारे चांगलेच झाले. तरी या आकड्यांत एक रकाना ठळकपणे कधी पुढे आला नाही : त्या १३,८६१ पैकी कितीजणींच्या कार्डावर ती तीन अक्षरेही आहेत?

पिशवी गेली तर पाळी जाते, मूल होत नाही. पण अंडाशये शाबूत असतील तर शरीराचा कारभार पुष्कळसा चालू राहतो. पाळी थोडी लवकर थांबल्यासारखे होऊ शकते, एवढेच. अंडाशये गेली तर सत्ताविसाव्या वर्षी बाई आतून साठीची होते, आणि डोक्यावर मोळी तिशीचीच राहते. अमेरिकेत परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांचा चोवीस वर्षे मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांची अंडाशयेही काढली होती त्यांना अंडाशयाचा कॅन्सर कमी झाला, हे खरे. पण हृदयविकार अधिक झाला आणि एकूण मृत्यूही अधिक. ‘कॅन्सरचे निमित्त नको’ या एका वाक्याचा पूर्ण हिशेब असा निघतो. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर आणणारा दोष असेल, तर अंडाशये काढणेच शहाणपणाचे ठरते. तो प्रश्न वेगळा, आणि तोही विचारूनच ठरवायचा.

भाभींना त्या दुपारी एक गोष्ट जाणवली. समोरची बाई खाड्याला भिऊन दवाखान्यात गेली होती. आणि त्या स्वतः? त्यांचाही खाडाच होता, स्वयंपाकघरातला. दंड कोणी कापत नव्हते, हाच काय तो फरक. दोघींच्याही कार्डावर सही नवऱ्याची होती, आणि दोघींनाही अर्थ कोणी सांगितला नव्हता.

घरात तेव्हाच आणखी एक कार्ड तयार होऊ घातले होते. धाकट्या जाऊबाई अडतीस वर्षांच्या. गर्भाशयात मोठी गाठ, रक्तस्राव इतका की हिमोग्लोबिन सातच्या खाली आलेले. पर्युषण आटोपल्यावर शस्त्रक्रिया करायची असे ठरत होते. भाभींनी त्यांना घेऊन थेट डॉक्टरांसमोर बसून विचारले, “अंडाशये ठेवणार ना?”

“एवढे पोट उघडतोच आहोत तर काढूनच टाकू. पुढे चिंता नको.”

“चांगली असतील तरी?”

डॉक्टरांनी वर पाहिले. किराणा दुकानात बसणारी बाई भाव करते तशी विचारते आहे, असे त्यांना वाटले असावे. भाभींनी घरी येऊन पतींना आणि दिरांना एकत्र बसवले. “भाभी, तुम्ही डॉक्टरांना शिकवता काय?” दीर म्हणाले. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. डॉक्टरांपुढे न बोलणे हा आपल्याकडे शिष्टाचार मानला जातो. सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “हिची बारा वर्षे मी पाहिली आहेत. मीच म्हटले होते, काढून टाक म्हणून.” त्यानंतर वाद राहिला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले. आधी रक्त भरले, रक्तस्राव थांबवणारी औषधे तीन महिने दिली. गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधनही सुचवले गेले, पण गाठ फार मोठी असल्याने त्याचा उपयोग होणार नव्हता. अखेर पिशवी काढावीच लागली. काही पिशव्या काढाव्याच लागतात आणि वेळेवर काढल्याने जीव वाचतो, हेही तितकेच खरे. मात्र या वेळी संमतीपत्रावर शस्त्रक्रियेच्या नावापुढे, दोन्ही अंडाशये निरोगी असल्यास ठेवावीत, असे स्वच्छ अक्षरांत लिहून घेतले गेले आणि त्याखाली पहिली सही जाऊबाईंची होती. पंधराव्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा भाभींनी त्यांच्या पाठीवर हात फिरवून पाहिला. पाठ कोरडी होती.

ऊसतोड बाईला भाभींनी आपल्या मुनीमाच्या बायकोसोबत अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले. दुकानातून तिला दोन दिवसांची मजुरी दिली. वहीत ती नावे टाकली नाही, यावरून घरात थोडी कुरबूर झाली. तिकडे रक्त तपासले. तिचे हिमोग्लोबिन भाभींपेक्षाही कमी निघाले. तिचे वय तेहेतीस, शस्त्रक्रियेला सहाच वर्षे झालेली. म्हणजे जे भाभींसाठी उशिरा झाले होते ते तिच्यासाठी अजून वेळेत होते : इस्ट्रोजेनची गोळी रोज एक, लोह, कॅल्शियम, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. टेस्टोस्टेरॉनचा विषय तिथे निघालाच नाही. तो निघण्याआधी पोट भरायचे होते, रक्त भरायचे होते. तिने गोळ्या आणल्या आणि श्रावणात एकदा येऊन सांगितले की रात्रीचा घाम थांबला आहे. “झोप लागती आता,” एवढेच ती म्हणाली, आणि गुळाची ढेप मागितली.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर आला. सहा महिने कर्नाटकात. तिथे गोळी कोण देणार, तपासणी कोण करणार? भाभींनी आधीच हिशेब केला होता : एकशे ऐंशी दिवस, अठरा पट्ट्या. औषधाच्या दुकानदाराने एकदम इतक्या द्यायला कुरकुर केली, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा आणवली. पट्ट्या तिखटाच्या डब्यात घालून, वरून कापड बांधून दिल्या, म्हणजे कोपीत उंदीर लागणार नाहीत. फाटलेल्या कागदांच्या झेरॉक्स काढून एक संच बाईकडे दिला.

“खरे कागद?” भाभींनी विचारले.

“तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या भाभी. तिकडं भिजत्यात.”

ते कागद दुकानाच्या मागील खोलीतल्या लाकडी कपाटात आहेत, सासऱ्यांच्या काळातल्या लाल वह्यांच्या खालच्या कप्प्यात. भाभींचे स्वतःचे कार्डही आता तिथेच असते.